बुलडोझरमधील हायड्रॉलिक तेलगळतीचे निदान

बुलडोझरच्या हायड्रॉलिक टाकीतील तेलाची पातळी वारंवार खाली जात असेल, तर ते तेल कोठून निसटते व कोठे जाते याचा क्रमवार शोध घेण्यास हायड्रॉलिक तेलगळतीचे निदान म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अनेक बुलडोझरांची पाती पोलादी दोर व विंच यांनी उचलली जात. पुढे हे काम हायड्रॉलिक सिलिंडरांकडे आले आणि तेलगळती हा जुन्या यंत्रांचा नित्याचा विकार झाला.

दोन भिन्न दोष

उचललेले पाते आपोआप खाली बसू लागले की तेल गळते आहे, असा समज सर्रास आढळतो. तो अर्धाच खरा आहे. दट्ट्याचे सील झिजल्यास किंवा नियंत्रक व्हॉल्व्ह सैल झाल्यास तेल एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात अथवा टाकीत परतते. पाते बसते, पण यंत्रातील एकूण तेल घटत नाही. टाकी रिकामी होत असेल तर तेल हायड्रॉलिक प्रणालीबाहेर जात आहे, एवढे निश्चित. हा भेद न केल्यास सिलिंडर, म्हणजे मेकॅनिकांच्या बोलीतील ‘जॅक’, विनाकारण खोलला जातो.

पातळीची नोंद

सिलिंडराचा दांडा आत आहे की बाहेर, यानुसार टाकीतील पातळी बदलते. म्हणून यंत्र सपाट जागी उभे करून, पाते दर वेळी एकाच स्थितीत ठेवून, उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे पातळी पाहावी. किती तास काम झाले व किती तेल भरले, हे लिहून ठेवणे कोणत्याही उपकरणाइतकेच उपयोगी असते. सेकंदाला एक थेंब ही गळती क्षुल्लक वाटते. तथापि एका मिलिलिटरमध्ये सुमारे २० थेंब धरल्यास आठ तासांत जवळजवळ दीड लिटर तेल जाते.

बाह्य गळती

जुन्या यंत्राखालची जमीन कोरडी असणे हा गळती नसल्याचा पुरावा नव्हे. इंजिनाखालील पोलादी संरक्षक पत्र्यात माती व तेल यांचा चिखल साठतो आणि थेंब बाहेर पडतच नाही. हा साठा आगीलाही निमंत्रण देतो. त्यामुळे प्रथम तो पत्रा उघडून साफ करावा, यंत्र धुऊन कोरडे करावे, तासभर चालवावे व मग ओल शोधावी. तेल खाली ओघळते आणि पंख्याच्या वाऱ्याने दूरवर उडते, यास्तव ओल्या भागातील सर्वांत वरची जागा आधी तपासतात.

सिलिंडराच्या दांड्यावर तेलाचा पातळ थर असणे स्वाभाविक आहे. थेंब ओघळत असल्यास दांड्यावरील क्रोमचा मुलामा पाहावा. पावसात दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या यंत्रांत तो गंजून खड्डे पडतात आणि असा दांडा नवे सीलही थोड्याच दिवसांत कापतो.

होज पाइपवर हात फिरवून गळती शोधणे अत्यंत धोक्याचे आहे. आतील दाब वातावरणीय दाबाच्या शंभर पटींच्या आसपास, काही यंत्रांत त्याहून बराच अधिक असतो. सुईच्या छिद्रातून निघालेली धार कातडीत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसली तरी तातडीची शस्त्रक्रिया लागते. दिरंगाईमुळे बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा धरून धार शोधतात. जोड सोडण्यापूर्वी पाते जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून दांडके सर्व दिशांना हलवावे व टाकीचे झाकण सावकाश उघडावे.

अदृश्य गळती

बाहेर काहीच न सापडल्यास संशय पंपाकडे जातो. अनेक यंत्रांत पंप इंजिनाच्या किंवा ट्रान्समिशनच्या गिअरांवरून चालतो. त्याच्या शाफ्टचे ऑइल सील फाटले की हायड्रॉलिक तेल थेट त्या पेटीत उतरते. टाकी घटत असताना इंजिन अथवा ट्रान्समिशनमधील तेल वाढत असेल, तर निदान जवळपास झालेच. रंगावर मात्र विसंबू नये, कारण जुन्या यंत्रांत हायड्रॉलिक टाकीतही बहुधा एसएई १० प्रतीचे इंजिन तेलच वापरलेले असते. अशा स्थितीत इंजिन चालू ठेवू नये. वाढलेले तेल क्रँकशाफ्टने घुसळले जाऊन फेसाळते आणि वंगण अपुरे पडते.

पंपाच्या शोषण बाजूचा सैल जोड वेगळीच लक्षणे दाखवतो. यंत्र चालू असता तेथून तेल न गळता हवा आत ओढली जाते. पंप कण्हतो, पाते धक्के देत उचलले जाते, टाकीत फेस येतो व तो हवाछिद्रातून उतू जातो. दुधाळ तेल मात्र बहुधा पाणी शिरल्याचे लक्षण असते.

शाफ्टचे सील बदलताना पंपाचे बेअरिंग किंवा बुश हलवून पाहणे आवश्यक असते. ते झिजलेले असल्यास शाफ्ट डगमगतो आणि नवे सीलही टिकत नाही.