बर्मन विरुद्ध पार्कर

बर्मन विरुद्ध पार्कर हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर, १९५४ रोजी दिलेला निकाल आहे. शहरातील जीर्ण भागांच्या पुनर्विकासासाठी शासनाने खासगी जमीन सक्तीने संपादित करून ती पुढे खासगी विकासकांकडे सोपवणे घटनेशी सुसंगत आहे, असे या निकालाने एकमताने ठरवले. अमेरिकेतील शहरांच्या मध्यवर्ती भागांत पुढील काळात झालेल्या नूतनीकरणाला या निकालाने कायद्याचे बळ मिळाले.

== पार्श्वभूमी ==

सार्वजनिक कामासाठी मालकाच्या संमतीविनाही खासगी मालमत्ता ताब्यात घेण्याच्या शासनाच्या अधिकारास अमेरिकेत 'एमिनंट डोमेन' म्हणतात. अमेरिकेच्या राज्यघटनेतील पाचव्या दुरुस्तीने या अधिकारावर दोन बंधने घातली आहेत : संपादन सार्वजनिक उपयोगासाठी असले पाहिजे आणि मालकाला न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे. रस्ते, लोहमार्ग, शाळा यांसाठी जमीन घेण्याबाबत फारसा वाद नव्हता. संपादित जमीन दुसऱ्या खासगी व्यक्तीला विकल्यास तो सार्वजनिक उपयोग ठरतो का, हा प्रश्न मात्र वादग्रस्त होता.

अमेरिकेच्या काँग्रेसने १९४६ साली राजधानीसाठी डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया पुनर्विकास कायदा संमत केला. या कायद्याने स्थापन झालेल्या पुनर्विकास भूमी संस्थेला जीर्ण वस्त्यांची जमीन संपादित करून ती सार्वजनिक संस्थांना किंवा खासगी विकासकांना विकण्याचा अथवा भाडेपट्ट्याने देण्याचा अधिकार मिळाला. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने अशा कामांसाठी देशभरातील शहरांना संघराज्याकडून अर्थसाहाय्य उपलब्ध झाले.

== प्रकरण ==

पहिला प्रकल्प वॉशिंग्टन शहराच्या नैर्ऋत्य भागातील 'एरिया बी' या वस्तीसाठी आखण्यात आला. तेथे सुमारे ५,००० लोक राहत होते व त्यांपैकी ९७.५ टक्के कृष्णवर्णीय होते. पाहणीनुसार तेथील ६४.३ टक्के घरे दुरुस्तीपलीकडे गेली होती, ५७.८ टक्के घरांची शौचालये घराबाहेर होती आणि २९.३ टक्के घरांत वीज नव्हती. नव्या आराखड्यात किमान एक-तृतीयांश घरे कमी भाड्याची असावीत, अशी अट होती.

या भागातील एका डिपार्टमेंट स्टोअरच्या जागेचे संपादन करण्यास तिच्या मालकी हक्काच्या वतीने विरोध झाला. दुकानाची इमारत ही गलिच्छ वस्तीतील राहते घर नाही आणि एका व्यावसायिकाची जागा घेऊन ती दुसऱ्याच्या लाभासाठी देणे हा सार्वजनिक उपयोग नव्हे, असा अपीलकर्त्यांचा युक्तिवाद होता.

== निकाल ==

न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस यांनी निकालपत्र लिहिले. त्यातील प्रमुख मुद्दे पुढीलप्रमाणे होते :

* लोककल्याणाची संकल्पना व्यापक आहे. तीत आरोग्य व सुरक्षितता यांबरोबरच सौंदर्य आणि नीटनेटकेपणा यांचाही समावेश होतो.
* कोणते कार्य सार्वजनिक हिताचे आहे, हे ठरवणे प्रामुख्याने विधिमंडळाचे काम आहे. न्यायालयाची भूमिका त्यात मर्यादित आहे.
* उद्दिष्ट वैध असेल तर ते खासगी विकासकांमार्फत साधण्याचा मार्गही विधिमंडळाला निवडता येतो.
* पुनर्विकासाचा विचार एकेका इमारतीऐवजी संपूर्ण परिसराच्या पातळीवर करता येतो. त्यामुळे एखादी इमारत सुस्थितीत असली, तरी ती संपादनातून वगळणे बंधनकारक नाही.

मालकाचा हक्क न्याय्य मोबदला मिळाल्याने पूर्ण होतो, असेही न्यायालयाने नमूद केले.

== परिणाम आणि टीका ==

वॉशिंग्टनच्या नैर्ऋत्य भागातील बहुतेक जुनी वस्ती पाडण्यात आली. संपूर्ण प्रकल्पात सुमारे २३,००० रहिवासी विस्थापित झाले. त्यांच्या जागी आधुनिक निवासी इमारती, शासकीय कार्यालये आणि द्रुतगती मार्ग उभे राहिले. परंतु मूळ रहिवाशांपैकी बहुसंख्यांना तेथे परतता आले नाही. मोबदला मालकाला मिळतो, भाडेकरूचा निवारा व शेजार मात्र मोबदल्याविनाच जातो, अशी टीका या पद्धतीवर झाली.

१९८४ साली 'हवाई हाउसिंग अथॉरिटी विरुद्ध मिडकिफ' या खटल्यात न्यायालयाने बर्मन निकालाचाच आधार घेतला. २००५ साली 'केलो विरुद्ध न्यू लंडन शहर' या खटल्यात पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने न्यायालय आणखी पुढे गेले. परिसर जीर्ण नसला, तरी आर्थिक विकास हे संपादनाचे पुरेसे कारण ठरू शकते, असे बहुमताने मानले. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी भिन्नमत नोंदवताना दोन्ही प्रकरणांतील फरक दाखवला : बर्मन प्रकरणातील वस्तीची अवस्था समाजाला प्रत्यक्ष अपायकारक होती, तर न्यू लंडनमधील घरे तशी नव्हती. न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी अशा संपादनाचा भार गरीब व कृष्णवर्णीय समाजावर अधिक पडतो, हे सांगताना बर्मन प्रकरणाचे उदाहरण दिले.

केलो निकालानंतर ४० हून अधिक राज्यांनी आपापल्या भूसंपादन कायद्यांत बदल केले. काही राज्यांनी आर्थिक विकासासाठीच्या संपादनावर निर्बंध घातले, परंतु जीर्ण परिसरांचा अपवाद ठेवला. त्यामुळे एखादा परिसर 'जीर्ण' कशाला म्हणावा, हा प्रश्न अशा वादांत निर्णायक ठरू लागला. बर्मन निकाल सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेला नाही.