‘दारूमुळेच’ म्हणण्याआधी: एका निदानाचा इतिहास

आमच्या बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात असो की मुंबईत, दारू पिणाऱ्याचं हृदय फुगलेलं दिसलं की ‘दारूमुळेच’ म्हणणं सोपं असतं. इतिहास मात्र सावध करतो.

१८८४ मध्ये म्युनिकच्या ओटो बोलिंगर यांनी भरपूर बिअर पिणाऱ्यांची मोठी झालेली हृदयं नोंदवली. १९०० मध्ये मँचेस्टर भागात बिअर पिणारे आजारी पडले. दोषी निघालं बिअरमधलं आर्सेनिक. पुढे थायमिनच्या कमतरतेनेही हृदय निकामी होतं हे कळलं. १९६५-६६ मध्ये क्यूबेकला फेस टिकावा म्हणून बिअरमध्ये घातलेल्या कोबाल्टने माणसं दगावली.

मग दारू निर्दोष? नाही. ही कारणं वगळूनही आजार उरलाच.

म्हणूनच आजही हे निदान एका चाचणीवर होत नाही. इकोमध्ये डावा कप्पा पसरलेला दिसतो. पण रक्तदाब, झडपा, धमन्यांमधले अडथळे तपासून बाजूला काढावे लागतात, आणि किती वर्षं, किती प्यायली हेही विचारावं लागतं. दारू सुटली तर अनेकांचं हृदय सावरतं. घाईने शिक्का मारला, तर उपचार होऊ शकणारं दुसरंच कारण निसटतं.

संशोधनात यालाच ‘कन्फाउंडिंग’ म्हणतात. तुमच्या विषयातलं ‘कोबाल्ट’ कोणतं, ते आधी शोधा.