आयरा हेस कोण होते? जगप्रसिद्ध फोटोतल्या सैनिकाचा ३२व्या वर्षी मृत्यू कसा झाला?

डोंगरमाथ्यावर अमेरिकेचा झेंडा उभारणारे सहा सैनिक. दुसऱ्या महायुद्धातला हा फोटो तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. त्यात सर्वांत डावीकडे, काठीच्या दिशेने हात उंचावलेला सैनिक म्हणजे आयरा हेस. या फोटोने त्यांना २२व्या वर्षी देशाचा हिरो बनवलं. पण त्यानंतर दहा वर्षं पूर्ण होण्याआधीच, १९५५ मध्ये, त्यांचा मृतदेह गावाजवळच्या एका पडक्या झोपडीपाशी सापडला.

नेमकं काय घडलं होतं?

आदिवासी शेतकऱ्याचा मुलगा

आयरा हेस यांचा जन्म १२ जानेवारी १९२३ रोजी अ‍ॅरिझोना राज्यातल्या सॅकटन इथे झाला. ते पिमा या मूळनिवासी जमातीचे. गिला नदीच्या पाण्यावर शेती करणारी ही जमात. मात्र १९व्या शतकात नदीच्या वरच्या भागात वस्ती केलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी पाणी वळवलं आणि पिमांची शेती उद्ध्वस्त झाली. हेस यांचं बालपण या गरिबीतच गेलं.

ऑगस्ट १९४२ मध्ये ते मरीन कोअरमध्ये भरती झाले. पॅराशूटने उतरण्याचं प्रशिक्षण त्यांनी घेतलं आणि पॅसिफिकमधल्या बोगनविल बेटावर ते लढले.

फोटो कधी काढला गेला?

१९ फेब्रुवारी १९४५ रोजी अमेरिकी सैन्य जपानच्या इवो जिमा बेटावर उतरलं. चार दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, माउंट सुरिबाची हा डोंगर ताब्यात आला. तिथे आधी लावलेला लहान झेंडा काढून मोठा झेंडा उभारण्यात आला. तो क्षण असोसिएटेड प्रेसचे फोटोग्राफर जो रोझेन्थल यांनी टिपला.

लढाई मात्र तिथे संपली नव्हती. ती महिनाभर चालली. फोटोतल्या सहापैकी तिघे त्याच बेटावर मारले गेले.

हिरो व्हायचं नव्हतं, तरीही...

फोटो अमेरिकेत प्रचंड गाजला. युद्धासाठी पैसा उभा करायला सरकारला चेहरे हवे होते. त्यामुळे फोटोतल्या वाचलेल्या सैनिकांना मायदेशी बोलावण्यात आलं. आपलं नाव कुणाला सांगू नकोस, असं हेस यांनी सहकारी रेने गॅनन यांना बजावलं होतं. पण वरिष्ठांच्या दबावापुढे गॅनन यांना ते सांगावं लागलं.

हेस, गॅनन आणि नौदलाचे जॉन ब्रॅडली या तिघांना वॉर बॉण्डच्या विक्रीसाठी शहरोशहरी फिरवण्यात आलं. या मोहिमेत २६ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम जमली. मित्र मेले आणि सत्कार आपला होतोय, हे हेस यांना सहन होत नव्हतं. दारू वाढत गेली. अखेर दौरा अर्धवट असतानाच त्यांना परत तुकडीत पाठवण्यात आलं.

एका बापाला सांगितलेलं सत्य

हेस यांना आणखी एक गोष्ट डाचत होती. फोटोत हार्लन ब्लॉक हा सैनिक होता, पण अधिकृत यादीत त्याच्या जागी हँक हॅन्सन यांचं नाव होतं. दोघेही लढाईत मारले गेले होते. हेस यांनी ही चूक अधिकाऱ्यांच्या कानावर घातली, तेव्हा त्यांना गप्प राहायला सांगण्यात आलं.

सैन्यातून बाहेर पडल्यावर १९४६ मध्ये हेस घरून निघाले. काही अंतर पायी, काही अंतर मिळेल त्या गाडीने असा सुमारे दोन हजार किलोमीटरचा प्रवास करून ते टेक्सासमध्ये ब्लॉक यांच्या वडिलांकडे पोहोचले आणि खरं काय ते सांगितलं. त्यानंतर चौकशी झाली आणि जानेवारी १९४७ मध्ये मरीन कोअरने नाव दुरुस्त केलं.

घरी परतल्यावर काय झालं?

देशभर सत्कार झालेल्या या सैनिकाला स्वतःच्या राज्यात मतदान करता येत नव्हतं. अ‍ॅरिझोनातल्या रिझर्व्हेशनवर राहणाऱ्या मूळनिवासींना हा हक्क १९४८ मधल्या कोर्टाच्या निकालानंतर मिळाला.

हेस मिळेल ती कामं करत राहिले. पर्यटक त्यांना शोधत गावात यायचे. १९४९ मध्ये जॉन वेन यांच्या ‘सँड्स ऑफ इवो जिमा’ चित्रपटात ते स्वतःच्याच भूमिकेत काही क्षण दिसले. दारू पिऊन फिरल्याबद्दल मात्र त्यांना वारंवार अटक होत होती. युद्धातून परतलेल्यांच्या मनावरच्या आघाताला ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ (पीटीएसडी) हे अधिकृत नाव १९८० मध्ये मिळालं. हेस यांच्या काळात या वागण्याकडे बहुतेकदा व्यसन आणि गुन्हा म्हणूनच पाहिलं गेलं.

शेवटचे अडीच महिने

१० नोव्हेंबर १९५४ रोजी आर्लिंग्टन इथे या फोटोवर आधारित भव्य स्मारकाचं लोकार्पण झालं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासोबत हेसही हजर होते. अडीच महिन्यांनी, २४ जानेवारी १९५५ रोजी, सॅकटनजवळ त्यांचा मृतदेह आढळला. उघड्यावरची थंडी आणि दारू यामुळे मृत्यू झाल्याची नोंद झाली. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात त्यांना निरोप देण्यात आला.

सहा दशकांनंतर काय उघड झालं?

जुन्या फोटोंचा आणि चित्रफितींचा पुन्हा अभ्यास झाल्यावर मरीन कोअरला यादी आणखी दोनदा बदलावी लागली. फोटोत ब्रॅडली नव्हते, हॅरल्ड शुल्ट्झ होते, हे २०१६ मध्ये जाहीर झालं. गॅनन यांच्या जागी हॅरल्ड केलर होते, हे २०१९ मध्ये.

म्हणजे फोटोतले हिरो म्हणून देशभर मिरवलेल्या तिघांपैकी फोटोत खरोखर एकच जण होता. ते म्हणजे आयरा हेस.