ओळंबा

भिंत सरळ चढते आहे का, हे गवंडी ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेले वजन, सोडून पाहतो. हा शब्द संस्कृत 'अवलंब'वरून आला. 'लंब्' म्हणजे लोंबणे. 'अव'चा 'ओ' झाला. इंग्रजी 'प्लम्ब' मात्र लॅटिनमधल्या शिशाच्या नावावरून आला. इंग्रजीने शिशाच्या वजनावरून नाव दिले, आपण लोंबण्यावरून.

फ्रीमेसन या बंधुसंघाने हेच अवजार प्रतीक मानले. दुसऱ्या पायरीवरच्या सदस्याला गुण्या, पाणसळ आणि ओळंबा दाखवून त्यांचा अर्थ सांगतात. ओळंब्याचा अर्थ सरळ आचरण. मुंबईत १८४३ साली स्थापन झालेल्या 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' या लॉजने, म्हणजे संघाच्या शाखेने, ही शिकवण भारतीयांसाठी खुली केली.

'अवलंब' म्हणजे आधारही. थोरल्यांनी धाकट्यांच्या हाती द्यावा, तो आधार म्हणजे हा ओळंबाच.