बंब, गिझर आणि निळी ज्योत

माझ्या लहानपणी लातूरच्या आमच्या घरात पहाट व्हायची ती बंबाच्या धुरानं. अम्मी फजरच्या नमाजाआधी उठायची आणि परसातल्या तांब्याच्या बंबात तुराट्या, गोवरीचे तुकडे टाकून विस्तव करायची. अब्बांना वजूसाठी कोमट पाणी लागायचं. मग आमच्या आंघोळी. ‘उठो, पानी हो गया,’ ही तिची हाक अजून कानात आहे.

बंबाची रचना साधी. मधोमध नळी, खाली जाळी. नळीत विस्तव, नळीभोवती पाणी. धूर नळीतून सरळ वर, आभाळाकडे. वरून गार पाणी ओतायचं, तोटीतून कढत घ्यायचं. आज भिंतीवर टांगलेला गॅस गिझर याच बंबाचा नातू आहे. नातवाचं नाव मात्र परदेशी. आइसलँडमध्ये उकळत्या पाण्याचा एक उसळता झरा आहे, ‘गेसिर’. त्यावरून 1868 मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी आपल्या पाणी तापवणाऱ्या यंत्राला ‘गिझर’ म्हटलं. त्या यंत्राला धुराडं नव्हतं. जळालेला वायू न्हाणीघरातच राहायचा. पुढे 1889 मध्ये अमेरिकेत एडविन रूड यांनी आपोआप चालणारा, पाणी साठवणारा हीटर तयार केला.

गंमत पाहा. ज्या रॉबर्ट बुन्सेन यांचा बर्नर आपण शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिला, ते 1846 मध्ये आइसलँडला जाऊन हेच उसळते झरे अभ्यासून आले होते. त्यांचा बर्नर 1855 चा. वायू जळण्याआधीच त्यात हवा मिसळायची, ही त्यातली युक्ती. बारीक छिद्रातून वेगानं सुटलेला गॅस बाजूची हवा स्वतःबरोबर ओढून घेतो. हवा पुरेशी असेल तर ज्योत निळी, कमी पडली तर पिवळी आणि काजळी धरणारी. गिझरच्या बर्नरमध्ये अशा ज्योतींची रांगच असते. त्यांच्यावर तांब्याच्या नळीचं वेटोळं आणि त्यातून धावणारं पाणी.

जुन्या पद्धतीच्या गिझरमध्ये एक चिमुकली ज्योत सदैव तेवत असते. तिला पायलट म्हणतात. दर्ग्यातल्या चिरागासारखी ती मोठ्या ज्योतींना पेटवते आणि राखणही करते. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तिच्या आचेत धरलेला असतो. सांधा तापला की किंचित वीज निर्माण होते. हा गुण झेबेक यांनी 1821 मध्ये शोधला. ही वीज व्होल्टच्या काही हजाराव्या भागांइतकी, पण गॅसची झडप उघडी धरायला तेवढी पुरते. पायलट विझली की सांधा थंडावतो, वीज संपते आणि स्प्रिंग झडप मिटते.

आपल्याकडच्या बहुतेक गिझरांत आता पायलट नसते. नळ सोडला की पाण्याच्या दाबानं आतला पडदा सरकतो, दोन सेलवर ठिणगी पडते आणि ज्योत लागते. ज्योत दिसली नाही तर गॅस बंद. म्हणूनच दाब नसेल तर गिझर मुका. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा लातूरकरांना नळच कोरडे असल्यावर गिझर काय कामाचा, हे कळलं.

स्वयंपाकाचा गॅस 1955 मध्ये मुंबईत आला. मराठवाड्यात तो पोचायला बराच काळ गेला. नंतर भारनियमनाच्या दिवसांत विजेवाचून चालणारा म्हणून गॅस गिझर आम्हाला देवदूत वाटला. नांदेडच्या घरात मीही बसवला, न्हाणीतच.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात माझी धाकटी लेक आंघोळीला गेली. थंडी लागते म्हणून झरोक्यावर मीच वर्तमानपत्राचा कागद चिकटवला होता. बराच वेळ झाला. हाक मारली, उत्तर नाही. दार फोडलं तर ती फरशीवर पडलेली. गिझर व्यवस्थित चालू, ज्योत लागलेली. तिला उचलून अंगणात आणलं, दवाखाना गाठला. देवाच्या कृपेनं ती वाचली.

डॉक्टरांनी समजावलं ते तेव्हा उमगलं. आतली यंत्रणा ज्योतीवर पहारा करते, खोलीतल्या हवेवर नाही. कोंडलेल्या न्हाणीत प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, पण या विषाला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला झोप आल्यासारखं वाटू शकतं.

आता आमचा गिझर न्हाणीबाहेर, मोकळ्या जागेत आहे. तुमचा आत असेल तर आधी बाहेर काढा. तोवर झरोका उघडा ठेवा, बादली भरून घ्या, गॅस बंद करा आणि मगच दार लावा. ज्योत पिवळी दिसली तर मिस्त्रीला बोलवा.

अम्मीला बुन्सेन ठाऊक नव्हते. पण तिनं बंब कधी घरात येऊ दिला नाही. धूर डोळ्यांत जायचा, डोळे चोळत आम्ही कुरकुरायचो. तो धूर आम्हाला सावध करत होता, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.