पुणे केंद्राचा श्रोता मंडळ प्रयोग (१९५६) : प्रसारण, चर्चा आणि नागरिकत्व

प्रस्तावना

लोकशाही आणि प्रसारमाध्यमे यांच्या परस्परसंबंधांचा विचार महाराष्ट्रात बहुधा वृत्तपत्रांच्या अंगाने झाला आहे. पुणे शहराच्या बाबतीत तर ते स्वाभाविकच आहे. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेला 'दीनबंधू', १८८१ मधील 'केसरी', १८८८ मधील 'सुधारक' आणि १९३२ मध्ये डॉ. ना. भि. परुळेकरांनी सुरू केलेला 'सकाळ' या पत्रांनी येथील सार्वजनिक जीवनाला वळण दिले. त्या मानाने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ मध्ये केलेला श्रोता मंडळांचा प्रयोग दुर्लक्षित राहिला आहे. प्रसारणामुळे श्रोता जाणता होतो, हे सामान्यतः मान्य केले जाते. परंतु जाणता श्रोता नागरिक केव्हा होतो, हा प्रश्न वेगळा आहे. या प्रयोगाच्या आधारे त्या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रयोगाची पार्श्वभूमी

१९५१ च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. वृत्तपत्र खेड्यात पोचले तरी ते वाचू शकणारे थोडे होते; एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे, असाच बहुतेक ठिकाणी प्रघात होता. रेडिओला साक्षरतेची अट नव्हती. २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले आणि पश्चिम महाराष्ट्रातील ग्रामीण श्रोत्यांसाठी एक जवळचे केंद्र उपलब्ध झाले.

श्रोता मंडळाची मूळ कल्पना कॅनडातील होती. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट एकत्र बसून रेडिओवरील कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले निष्कर्ष केंद्राकडे कळवीत. ही पद्धती भारतासारख्या देशात उपयोगी पडेल काय, हे पाहण्यासाठी युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राची निवड झाली. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक जगदीशचंद्र माथूर यांनी या उपक्रमाला पाठबळ दिले. मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाने केले. मूळचे ऑस्ट्रियन असलेले न्यूरॅथ हे १९३८-३९ मध्ये दाखाऊ व बुखेनवाल्ड येथील नाझी छळछावण्यांत बंदी होते. रेडिओ हे हुकूमशाहीचे साधन कसे बनते, हे त्यांच्या पिढीने अनुभवले होते.

प्रयोगाचे स्वरूप

फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या सुमारे दहा आठवड्यांच्या काळात तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत हा प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्ध्या तासाचे, एकूण २० कार्यक्रम प्रसारित झाले. शेती, पशुपालन, आरोग्य, साक्षरता, स्थानिक स्वराज्य असे विषय त्यांत होते. गावातील पंधरावीस जणांच्या मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, नंतर त्यावर चर्चा करावी आणि चिटणिसाने चर्चेचा वृत्तान्त व शंका केंद्राकडे पाठवाव्यात, अशी योजना होती. त्या शंकांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात.

ही परतीची वाट हेच या योजनेचे वैशिष्ट्य होते. गावातून गेलेला प्रश्न रेडिओवरून उच्चारला जातो आणि जाणकार त्याचे उत्तर देतो, हा अनुभव ग्रामीण श्रोत्याला नवा होता. सरकारकडे अर्ज करणारा रयत आणि सरकारला प्रश्न विचारणारा नागरिक यांतील अंतर अशा अनुभवाने कमी होते.

मूल्यमापनासाठी तीन प्रकारची गावे निवडण्यात आली : मंडळ असलेली, केवळ रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली. प्रयोगापूर्वी आणि प्रयोगानंतर मुलाखती घेऊन माहितीत पडलेला फरक पाहण्यात आला. मंडळ असलेल्या गावांत ज्ञानवृद्धी लक्षणीय आढळली. मंडळ नसलेल्या गावांत, रेडिओ असूनही, ती त्या मानाने फारच थोडी होती. म्हणजे परिणाम केवळ यंत्राचा नव्हता; ऐकणे आणि बोलणे यांच्या जोडणीचा होता.

न्यूरॅथ यांचे आणखी एक निरीक्षण इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचे वाटेल. ही मंडळे केवळ माहिती घेऊन थांबली नाहीत. ती लवकरच निर्णय घेणारी मंडळे बनू लागली आणि गावाच्या सामायिक कामांत निर्वाचित पंचायतीपेक्षाही अधिक वेगाने पुढाकार घेऊ लागली. बलवंतराय मेहता समितीचा अहवाल १९५७ चा, मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आणि महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा १९६२ च्या, हा क्रम लक्षात घेतला म्हणजे पंचायत राज्याच्या उंबरठ्यावर घडलेल्या या घटनेचे मोल कळते.

एकच माध्यम, दोन अनुभव

याच महिन्यांत महाराष्ट्राचे राजकारण मात्र वेगळ्याच प्रश्नाने ढवळून निघाले होते. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय आकाशवाणीवरून जाहीर केला. त्यानंतर मुंबईत उसळलेला क्षोभ आणि झालेला गोळीबार सर्वश्रुत आहे. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यातच संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली.

एकाच आकाशवाणीची ही दोन रूपे होती. एका प्रसंगी तिने निर्णय ऐकविला आणि श्रोत्याला उत्तर देण्याची सोय ठेवली नाही. ते उत्तर रस्त्यावर, सभांत आणि वृत्तपत्रांत द्यावे लागले. दुसऱ्या प्रसंगी तिने श्रोत्याला विचारले, 'तुम्हांला काय वाटते?' परंतु विचारले ते विकासाच्या प्रश्नांवर. कोणत्या विषयावर बोलावयाचे, हे शासन ठरवीत होते. प्रसारणावर शासनाची मक्तेदारी होती आणि निवडणूक काळात राजकीय पक्षांना आकाशवाणीवर बोलण्याची संधी प्रथम १९७७ मध्ये मिळाली. आचार्य अत्रे यांच्या 'मराठा' या दैनिकाने नोव्हेंबर १९५६ मध्ये सुरू होताच जी भूमिका बजावली, ती शासकीय नभोवाणीला बजावता येणे शक्यच नव्हते.

मर्यादा

प्रयोगाच्या यशाचे वर्णन करताना त्याच्या मर्यादा विसरून चालणार नाही. मंडळांचे सभासद बहुतांशी पुरुष शेतकरी होते. शेतमजूर आणि स्त्रिया यांचा आवाज परतीच्या वाटेवर क्वचितच पोचला. १९५९ पासून योजनेचा देशभर विस्तार झाला आणि १९६० च्या दशकात मंडळांची संख्या हजारांच्या घरात गेली; परंतु संचांची दुरुस्ती, देखरेख आणि श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरे देण्याची व्यवस्था यांचा विस्तार त्या प्रमाणात झाला नाही. अनेक मंडळे कागदावरच उरली. ज्या व्यवस्थेने पुण्याचा प्रयोग यशस्वी केला, तीच विस्तारात क्षीण झाली.

निष्कर्ष

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचे स्पष्ट केले. १९९७ मध्ये प्रसार भारती अस्तित्वात आली आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्रे चालविण्याची वाट मोकळी झाली. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे २००८ मध्ये माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली आणि १९५६ च्या मंडळांत ज्यांना फारसे स्थान नव्हते त्या ग्रामीण स्त्रिया ध्वनिक्षेपकासमोर आल्या. तथापि त्याच धोरणाने सामुदायिक केंद्रांना बातम्या आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम वर्ज्य ठरविले. विषय ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा १९५६ मधील प्रश्न अशा रीतीने कायम राहिला. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा जाहीर विरोध झाला आणि तो निर्णय स्थगित करावा लागला. आपल्या भागाची बातमी आपल्या केंद्रावरून ऐकणे हा श्रोते आपला हक्क मानतात, हे त्यातून दिसून आले.

आज वाहिन्यांची व भ्रमणध्वनीवरील संदेशांची संख्या अमाप आहे. परंतु माहितीची विपुलता म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे पुण्याच्या प्रयोगाने सिद्ध केले होते. ऐकलेल्या गोष्टीवर शेजाऱ्याबरोबर बोलण्याची जागा, प्रश्न विचारण्याची मुभा आणि त्या प्रश्नाला उत्तर देण्यास बांधलेली संस्था या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा दहा आठवड्यांत श्रोत्यांची मंडळे गावाचा विचार करू लागली. चौथी गोष्ट, म्हणजे विषय निवडण्याचे स्वातंत्र्य, त्यांना मिळाले नाही. प्रसारणाच्या लोकशाहीकरणाचे कोणतेही मूल्यमापन या चारही कसोट्यांवर व्हावयास हवे.