ऑटोक्रॉससाठी सस्पेन्शनची जुळणी

ऑटोक्रॉससाठी सस्पेन्शनची जुळणी म्हणजे शंकूंनी आखलेल्या आखूड व वळणदार मार्गावर कमीत कमी वेळात धावता यावे म्हणून मोटारीचे स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर, अँटी-रोल बार, चाकांचे कोन आणि टायरमधील हवेचा दाब यांत केले जाणारे फेरबदल होत. हौशी स्पर्धकाची मोटार बहुधा रोजच्या वापरातीलच असते आणि स्पर्धेचे नियमही बदलांवर मर्यादा घालतात. त्यामुळे उपलब्ध असलेल्या मोजक्या साधनांनी चारही टायरची जमिनीवरील पकड टिकवणे, हा या जुळणीचा मुख्य प्रश्न असतो. या लेखात अमेरिकेतील फरसबंदीवरील ऑटोक्रॉस आणि पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ (अमेरिकेत मियाटा) हे उदाहरण घेतले आहे.

== स्पर्धेचे स्वरूप ==

अमेरिकेत १९४४ मध्ये स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या स्पर्धा 'सोलो' या नावाने भरवतो. मोठे वाहनतळ किंवा वापरात नसलेल्या धावपट्ट्या यांवर मार्ग आखला जातो. एका वेळी सामान्यतः एकच मोटार धावते आणि तिची स्पर्धा घड्याळाशी असते. फेरी साधारणपणे एका मिनिटाच्या आसपास संपते. पाडलेल्या प्रत्येक शंकूसाठी वेळेत २ सेकंद मिळवले जातात. मार्ग चुकल्यास ती फेरी बाद होते.

स्पर्धेपूर्वी मार्ग पायी चालून पाहता येतो, पण मोटारीने सराव करता येत नाही. नेब्रास्का राज्यातील लिंकन येथे अलीकडे होत असलेल्या राष्ट्रीय स्पर्धेत तर दोन वेगवेगळ्या मार्गांवर प्रत्येकी तीनच फेऱ्या मिळतात. म्हणूनच पहिल्याच फेरीत चालकाला जिचा अंदाज येतो, अशी मोटार किंचित अधिक वेगवान परंतु लहरी मोटारीपेक्षा उपयुक्त ठरते. दोन शतांश सेकंद वाचवण्यासाठी केलेली जुळणी एक शंकू पाडून गेली, तर तिचा काहीच उपयोग होत नाही.

ब्रिटन व भारतात 'ऑटोक्रॉस' हा शब्द प्रामुख्याने गवत वा मातीच्या मार्गावरील शर्यतींसाठी वापरला जातो. तेथे सस्पेन्शनला अधिक हालचाल आणि जमिनीपासून अधिक उंची लागते. पुढील विवेचन अशा शर्यतींना जसेच्या तसे लागू होत नाही.

== नियमांची चौकट ==

सोलो स्पर्धेत मोटारींचे वर्गीकरण त्यांच्या क्षमतेनुसार व केलेल्या बदलांनुसार होते. कमीत कमी बदलांना मुभा देणाऱ्या स्ट्रीट प्रवर्गात मूळ स्प्रिंग बदलता येत नाहीत. शॉक अॅब्सॉर्बर बदलता येतात, पुढील किंवा मागील यांपैकी एकच अँटी-रोल बार बदलता येतो, आणि चाकांचे कोन उत्पादकाने दिलेल्या सोयीच्या मर्यादेत बसवता येतात. स्ट्रीट टूरिंग प्रवर्गात स्प्रिंग व मोटारीची उंची बदलण्याचीही मुभा असते. नियमांत वेळोवेळी सुधारणा होत असल्याने सुटे भाग विकत घेण्यापूर्वी चालू वर्षाची नियमपुस्तिका पाहणे आवश्यक असते.

== भाराचे स्थानांतर ==

वळणावर आतल्या चाकांवरील भार कमी होऊन बाहेरच्या चाकांवर जातो. समजा, चालकासह १,०५० किलो वजनाच्या मोटारीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.४५ मीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १.४ मीटर आहे. गुरुत्वाकर्षणाइतक्या पार्श्व त्वरणाला या मोटारीत सुमारे ३३८ किलो भार बाहेरच्या बाजूस सरकतो. स्प्रिंग कितीही कडक केले, तरी हा आकडा जवळपास तेवढाच राहतो. तो कमी करायचा तर गुरुत्वमध्य खाली आणावा लागतो किंवा चाकांतील अंतर वाढवावे लागते. नवशिक्यांचा येथे हमखास गैरसमज होतो. मोटार कमी कलली म्हणजे भारही कमी सरकला, असे त्यांना वाटते.

टायरवरील भार दुप्पट केल्यास त्याची पकड दुपटीहून कमी वाढते. त्यामुळे ज्या आसावर भाराची विषमता अधिक, त्या आसाची एकूण पकड कमी होते. एकूण स्थानांतराचा किती वाटा पुढील आसाने उचलावा आणि किती मागील, हे स्प्रिंग व अँटी-रोल बार ठरवतात. पुढचा वाटा वाढला की पुढची चाके आधी घसरतात (अंडरस्टिअर). मागचा वाढला की मागची (ओव्हरस्टिअर).

== अँटी-रोल बार ==

अँटी-रोल बार म्हणजे एकाच आसावरील दोन चाकांना जोडणारी, पीळ पडताना विरोध करणारी पोलादी दांडी. भरीव दांडीचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातांकाच्या प्रमाणात बदलतो. व्यास २० टक्क्यांनी वाढवल्यास कडकपणा दुपटीहून किंचित अधिक होतो.

वरील तत्त्वानुसार पुढील बार जाड केल्यास अंडरस्टिअर वाढायला हवा. तरीही मूळ स्प्रिंगवर धावणाऱ्या एमएक्स-५ मध्ये अनेक स्पर्धक नेमका पुढचाच बार बदलतात. १९८९ मध्ये बाजारात आलेल्या या सुमारे ९५० ते १,००० किलो वजनाच्या, मागील चाकांना चालना असलेल्या मोटारीचे मूळ स्प्रिंग रस्त्यावरील आरामासाठी मऊ ठेवलेले आहेत. तिला चारही चाकांशी डबल विशबोन पद्धतीचे सस्पेन्शन असले, तरी मोटार फार कलल्यावर बाहेरचे पुढील चाकही तिच्यासोबत बाहेर झुकते आणि टायर कडेवर उभा राहतो. जाड बारमुळे कल कमी होऊन टायरचा पृष्ठभाग जमिनीवर सपाट राहतो. भाराच्या वाटणीत पुढच्या आसाचे जे नुकसान होते, ते यातून बऱ्याच अंशी भरून निघते.

दुसरा लाभ मागे होतो. पुढच्या आसाने स्थानांतराचा अधिक वाटा उचलल्यामुळे मागील आतल्या चाकावर भार शिल्लक राहतो. लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअल नसलेल्या मोटारीत हे चाक हलके झाले की जागीच फिरते आणि इंजिनाची शक्ती वाया जाते. ते जमिनीला धरून राहिल्यास वळणातून बाहेर पडताना चालकाला लवकर वेग देता येतो. या उपायालाही मर्यादा आहे. पुढील आतले चाक पूर्ण उचलले गेले की त्या आसाचा सगळा भार बाहेरच्या टायरवर येतो. त्यापुढे बार आणखी जाड करून काहीही साधत नाही.

== शॉक अॅब्सॉर्बर ==

स्प्रिंग व बार भार कोठे जाणार हे ठरवतात. तो किती लवकर जाणार हे शॉक अॅब्सॉर्बरवर अवलंबून असते. ऑटोक्रॉसच्या मार्गात दिशा सतत बदलते आणि स्थिर वळण क्वचितच येते, म्हणून या भागाचे महत्त्व येथे इतर शर्यतींपेक्षा अधिक आहे. शंकूंच्या रांगेतून नागमोडी जाताना मोटार एका बाजूला स्थिरावण्याआधीच दुसरीकडे वळवावी लागते. स्प्रिंग पसरतानाचा रोध (रिबाउंड) वाढवल्यास हा झोल आवरतो. तो प्रमाणाबाहेर वाढवला, तर खडबडीत फरसबंदीवर चाकाला जमिनीचा पाठलाग करता येत नाही आणि सलग धक्क्यांत मोटार हळूहळू खाली बसत जाते. उंची कमी केलेल्या एमएक्स-५ मध्ये सस्पेन्शनची हालचाल मुळातच थोडी उरते. ती संपून रबरी बंप स्टॉपवर आदळली की त्या कोपऱ्याचा कडकपणा एकाएकी वाढतो आणि चाक अवचित घसरते.

== चाकांचे कोन ==

वरच्या बाजूने आत झुकलेल्या चाकाच्या कोनाला ऋण कँबर म्हणतात. एमएक्स-५ मध्ये पुढे कँबर व कॅस्टर, तर मागे कँबर व टो हे विकेंद्री बोल्ट फिरवून बदलता येतात. पुढचा टो स्टिअरिंगच्या दांड्यांवर बसवतात. मूळ उंचीवर हवा तितका ऋण कँबर मिळतोच असे नाही, म्हणून स्ट्रीट प्रवर्गात पुढे मिळेल तेवढा घेण्याकडे कल असतो. पुढे शून्य किंवा अगदी अल्प टो-आउट ठेवल्यास मोटार चटकन वळते. मागे अल्प टो-इन स्थैर्य देते. कँबर बदलला की टोही बदलत असल्याने टो सर्वांत शेवटी बसवतात. मोजमाप करताना चालकाच्या वजनाइतका भार आसनावर ठेवणे इष्ट असते.

== टायरमधील हवा ==

स्पर्धेच्या दिवशी दोन फेऱ्यांच्या मध्ये सहज करता येण्याजोगा बदल हाच. टायरच्या कडेवर खडूने रेघ ओढून फेरीनंतर ती कोठपर्यंत पुसली गेली हे पाहतात. रेघ टायरच्या बाजूपर्यंत पुसली गेल्यास टायर दुमडत आहे, म्हणजे हवा कमी आहे. अजिबात पुसली न गेल्यास हवा जास्त आहे. बदल एका वेळी १ ते २ पौंडांचा आणि एकाच आसावर करतात, अन्यथा परिणाम कशाचा हे कळत नाही. एकाच मोटारीवर दोन चालक उतरले असल्यास टायर तापतात. त्यांवर पाणी मारून ते थंड केले जातात आणि हवा पुन्हा तपासली जाते.

== रस्त्यावरील वापर ==

जास्त ऋण कँबरमुळे टायरची आतली कड लवकर झिजते. टो-आउट असल्यास ही झीज अधिकच जलद होते आणि महामार्गावर मोटार सरळ ठेवण्यासाठी स्टिअरिंगकडे सतत लक्ष द्यावे लागते. त्यामुळे काही स्पर्धक स्टिअरिंगच्या दांड्यांवर खुणा करून ठेवतात, स्पर्धास्थळी टो बदलतात आणि घरी निघण्यापूर्वी तो पूर्ववत करतात. कडक रिबाउंडवर बसवलेले शॉक अॅब्सॉर्बरही परतीच्या प्रवासाआधी सैल केले जातात.